सातव्या धड्यापर्यंतचे घैसासकाका

नरहर गोविंद घैसास यांच्यावर अन्याय झाला आहे. कुठे आणि कधी ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी कानांवर हात ठेवायला नको. अनंत चतुर्दशीनंतरचा पहिला रविवार. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. स्थळ कलकत्त्याचं भवानीपूर, आमच्या मराठी मंडळाची माडीवरची खोली. विषय क्रमांक चार. ठराव एकमताने मंजूर. नऊ हात वर गेले. नववा माझा होता आणि तो सगळ्यांत उंच होता.

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. वर अन्याय, मधे आरोप, खाली मागणी, एवढंच मला येतं. तेव्हा एका म्हाताऱ्याचं हे व्यक्तिचित्र वाचताना मधूनच घोषणा ऐकू आली तर वाचकांनी ती सोसावी.

तर घैसासकाका. हा गृहस्थ अकरा परदेशी भाषा शिकला आणि एकाही भाषेत सातव्या धड्याच्या पुढे गेला नाही. फ्रेंच, सात धडे. जर्मन, सात धडे. रशियन, इटालियन, स्पॅनिश, चिनी, जपानी, ग्रीक, आर्मेनियन, फारसी, सात सात धडे. डॅनिश तर खिदिरपूरच्या गोदीत लागलेल्या एका बोटीच्या आचाऱ्याकडून शिकले, आणि बोट सुटली तेव्हा सातवा धडा अर्धाच झाला होता, याची त्यांना वर्षभर रुखरुख होती. मंडळाच्या खालच्या व्हरांड्यातल्या त्यांच्या कपाटात अकरा पुस्तकं होती. प्रत्येकाची पहिली पन्नास पानं हाताळून हाताळून पापडासारखी झालेली. पुढची इतकी कोरी, की काही पुस्तकांची पानं अजून सुरीने कापायचीसुद्धा राहिली होती.

'काका, आठवा धडा?' असं कुणी विचारलं की ते चष्मा कपाळावर चढवायचे. 'पुरे की. एकाच भाषेत किती दिवस पडून राहायचं?' आणि बाराव्या भाषेचं, पोर्तुगीजचं, पुस्तक उघडायचे.

त्यांनी तेहतीस वर्षं रेल्वेच्या वेळापत्रकाच्या खात्यात काम केलं. मुंबई मेल नागपूरला किती वाजता पोचते हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. एवढ्या गाड्या सोडल्या, पण स्वतः हा माणूस कधी रंगूनपर्यंतही गेला नाही. पासपोर्ट नाही. समुद्र पाहिला तो पुरीचा, तोही गुडघ्यापर्यंत. परदेश म्हणाल तर एकच, चंद्रनगर. तेव्हा ते अजून फ्रेंचांकडे होतं. काकांचा फ्रेंचचा तिसरा धडा झाला आणि ते हावड्याहून लोकल पकडून थेट तिथे गेले. घाटावर फ्रेंच सरकारचा शिपाई उभा होता, डोक्यावर फ्रेंच टोपी. काकांनी टोपी बघितली आणि 'बोंजूर' म्हणून त्याची, त्याच्या आईची आणि त्याच्या भावंडांची विचारपूस केली. शिपाई मूळचा हुगळीचा. तो बंगालीत म्हणाला, 'बाबू, पष्ट कोरे बोलुन.' जरा स्पष्ट बोला, एवढंच. पण काकांना ते कळलं नाही, कारण काकांना बंगाली येत नाही.

होय. अठ्ठावीस वर्षं कलकत्त्यात काढलेल्या, अकरा भाषा शिकलेल्या या माणसाला बंगाली येत नाही. जदुबाबूच्या बाजारात भाजीवाली 'की नेबेन?' म्हणून काय घेणार ते विचारते, हे वांग्याकडे बोट दाखवतात, ती भाव सांगते, हे मान डोलावतात आणि जाताना तिला स्पॅनिशमध्ये आशीर्वाद देतात. मी एकदा तावातावाने त्यांना म्हणालो होतो, 'काका, ज्या गावाचं पाणी पिता त्याची भाषा शिका ना आधी!'

'बंगाली माझ्याकडे नाही,' ते म्हणाले. 'ते खातं हिच्याकडे.'

'ही' म्हणजे उमाकाकू. बंगाली काकूंना फर्डं यायचं. दूधवाला, धोबी, शेजारच्या बोसबाबूंची आई, सगळ्यांशी त्याच बोलायच्या, आणि काका मागे पिशवी धरून उभे. घर असंच चालायचं. काकू स्वातंत्र्यानंतरच्या पुढच्याच वर्षी गेल्या. मंडळाने रीतसर दुखवट्याचा ठराव केला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले, मग खाली बसून विषय क्रमांक पाच घेतला. इतिवृत्तात आहे, कुणीही पाहावं. खातं मात्र काकांनी अजून कुणाकडे सोपवलेलं नाही.

भाषेपायी या माणसाने काय काय केलं ते आता सांगतो. हे आरोप मी त्या रविवारी सभेत हातवारे करून मांडले होते. आज तेच पुन्हा मांडतो, फक्त हातवारे नाहीत.

चिनी भाषेपायी त्यांच्या दोन दाढा गेल्या. बेंटिंक स्ट्रीटवरच्या चिनी जोडेवाल्याकडून त्यांनी आधी लागोपाठ चार जोडे घेतले. चारही चावायचे. पण जोडेवाला कामात असायचा, बोलायचा कमी. मग कुणीतरी सांगितलं की दोन दुकानं सोडून चिनी दातवाला बसतो आणि तो काम करताना सारखा बोलतो. काका गेले. दात उत्तम होते. दातवाला म्हणाला, काही बिघडलेलं नाही. काका म्हणाले, असेल, मागच्या बाजूला पाहा. अशी पहिली दाढ गेली. चार महिन्यांनी दुसरी. व्हरांड्यात गाल धरून बसले होते. मी विचारलं, 'काका, धडधाकट दाढ उपटून काय मिळवलंत?'

'अरे वसंता, तो दर मिनिटाला थांबून विचारतो. दुखतंय का? फार दुखतंय का? घरी जाऊन झोपाल ना? चिनीत हे इतकं गोड लागतं!'

मी हसलो होतो. सभेत सांगितलं तेव्हा सगळेच हसले.

मग चिठ्ठ्या. वस्तूंची नावं पाठ व्हावीत म्हणून काका प्रत्येक वस्तूवर कागदाची चिठ्ठी डकवायचे. मंडळाच्या खुर्चीवर जर्मन, पेटीवर इटालियन, फळ्यावर रशियन. गणपतीच्या मखरावर एक वर्ष फ्रेंच चिठ्ठी निघाली. खळ स्वस्तातली असायची, पडायची आणि भलतीकडे चिकटायची. आमचे चिटणीस आपटेसाहेब, बँकेत मोठे अधिकारी, नागपूरहून बदलून आलेले, एकदा पाठीवर रशियनमधला 'दरवाजा' घेऊन चौरंगीपर्यंत ट्रामने गेले. वाटेत कुणाला रशियन येत नसल्यामुळे अब्रू वाचली. पण मंडळात परतल्यावर काकांनी ती चिठ्ठी वाचली आणि आनंदाने टाळी वाजवली. आपटेसाहेब गरजले, 'इतिवृत्तात घ्या!' त्यांना राग आला की ते हेच गरजतात. आमच्या इतिवृत्तात त्यामुळे कामकाज कमी आणि राग जास्त आहे.

आणि फोर्ट विल्यमची भानगड. रशियनचा पाचवा धडा चालू असताना काका मैदानावर मोकळ्या हवेत पाठांतर करायचे. बोलता बोलता किल्ल्याच्या दरवाजापाशी पोचले. हातात लाल बांधणीचं रशियन पुस्तक, तोंडात रशियन, अंगावर काळा कोट. पहारेकऱ्याने सरळ आत नेऊन बसवलं. तासाभराने हवालदार आला. सातारचा गडी. त्याने पुस्तक उलटंसुलटं बघितलं, काकांकडे बघितलं.

'नाव काय तुमचं?'

'नरहर गोविंद घैसास.'

'आयला! आपलंच माणूस की. मग हे काय गिचमिड वाचताय? कुठलं कारस्थान हाय?'

'कारस्थान नाही हो. विचारपूस आहे. पुस्तकात असंच आहे.'

'पुस्तकात असंच आहे' हे त्यांचं पालुपद. हवालदाराने कपाळावर हात मारला. 'काका, जेवलासा का काय न्हाई? बारा वाजून गेल्यात.' आणि त्याने भाकरी आणि लसणाची चटणी आणवली. काका किल्ल्यात तीन तास होते, त्यातला एक तास अटकेत आणि दोन तास पंगतीत. ही गोष्ट ते पुढे कुणालाही सांगायचे आणि दर वेळी भाकरीपाशी येऊन थांबायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला खाण्याची आवड आहे.

आता मुख्य गुन्हा.

मंडळाच्या गच्चीवर पत्रे नाहीत. गणेशोत्सवात नाटक लावलं की पाऊस दुसऱ्या अंकाला हजर. यंदा आपटेसाहेबांनी डोकं लढवलं. एका लोखंडाच्या कारखान्यात श्मिट नावाचा जर्मन इंजिनिअर आला होता. त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवावं, त्याच्याच भाषेत त्याचं स्वागत करावं, तो विरघळला की पत्र्यांचं बोलावं. 'घैसास, तुम्हाला जर्मन येतं ना?' आपटेसाहेबांनी विचारलं. काकांच्या आयुष्यात मंडळाने पहिल्यांदाच काही विचारलं होतं. काका म्हणाले, 'येतं.'

खोटं बोलले का? सात धड्यांचं येतं, एवढं सांगायचं राहिलं.

आपटेसाहेबांनी भाषणाची तीन पानं लिहून दिली. मंडळाची स्थापना, मंडळाचं कार्य, मंडळाच्या गच्चीची दुरवस्था. काका आठ दिवस ती पानं घेऊन फिरले. सात धड्यांत ना स्थापना होती ना गच्ची. उत्सवाच्या संध्याकाळी काका काळा कोट घालून, धुतलेली टोपी चढवून व्यासपीठावर उभे राहिले. श्मिटसाहेब समोरच्या खुर्चीत, गळ्यात हार, घामाघूम. काकांनी तीन पानं घडी करून खिशात टाकली आणि संध्याकाळी सात वाजता म्हणाले, 'गुटेन मॉर्गेन.' म्हणजे सुप्रभात.

मग ते व्यासपीठावरून खाली उतरले, पाहुण्याच्या शेजारची खुर्ची ओढली, बसले आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारू लागले. एक प्रश्न, मग थांबायचं. दुसरा प्रश्न, मग थांबायचं. श्मिटसाहेब आधी हसले. मग हसू थांबलं. मग ते जे बोलायला लागले ते पंधरा मिनिटं. काका दर दोन वाक्यांनी 'या, या', म्हणजे जर्मनमधलं 'हो, हो', म्हणून मान डोलवत होते आणि मागची पोरं आपल्याला बोलावलं समजून पुढे सरकत होती. शेवटी एवढा सहा फुटी माणूस रुमाल काढून नाक शिंकरायला लागला. आरतीला उशीर झाला. पत्र्यांचा विषय निघालाच नाही. पाहुणा काकांचे दोन्ही हात हलवून गाडीत बसला आणि शाल-नारळ खुर्चीवरच राहिला.

'परकीय पाहुण्याला भर उत्सवात रडवलं!' आपटेसाहेब म्हणाले. 'इतिवृत्तात घ्या!'

मला हेच हवं होतं. मी तेवीस वर्षांचा, जन्म कलकत्त्याचा, मराठीच्या काळजीने रात्रंदिवस पेटलेला. घरी माझी धाकटी बहीण 'भूक लागली' हे बंगालीत सांगते आणि मी तिच्यावर डाफरतो. मी रातोरात पत्रक लिहिलं, 'परभाषेचं पिसं सोडा!' आणि कालीघाटच्या एका बंगाली छापखान्यात छापून आणलं. तिथल्या देवनागरी खिळ्यांत ळ नव्हता. त्यामुळे मराठीच्या शुद्धतेसाठी काढलेल्या त्या पत्रकात मंडळाचं 'मंडल' झालं होतं आणि टिळकांचे 'टिलक'. तरी कुणी हसलं नाही, कारण सगळे घैसासकाकांना हसण्यात गुंतले होते.

ठराव असा: मंडळाच्या जागेत मराठीखेरीज अन्य भाषेचं अध्ययन, अध्यापन व उच्चारण होऊ नये, श्री. घैसास यांनी व्हरांड्यातलं कपाट आणि बाक आठ दिवसांत मोकळं करावं. चर्चा इंग्रजीत झाली. चहा सांगितला तो बंगालीत.

व्हरांड्यातला तो बाक म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. काकू गेल्यावर काकांनी घर सोडलं आणि कालीघाटला एका मेसमध्ये खाट घेतली. मेसमध्ये बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. त्यामुळे काकांना कुणी भेटायला यायचं ते रविवारी सकाळी, मंडळाच्या व्हरांड्यात, त्या बाकावर. ग्रीक टायपिस्ट बाई यायची, आर्मेनियन घड्याळजी यायचा, चिनी दातवाला सुटीच्या दिवशी बायकोला घेऊन यायचा. शिकवायचे तास-दीड तास. काका त्यांना स्टोव्हवर चहा करून द्यायचे. आम्ही माडीवर सभा घ्यायचो आणि खालून निरनिराळ्या भाषांतले एकाच चालीचे प्रश्न ऐकू यायचे. आम्ही खिडकी लावून घ्यायचो.

काकांनी ठरावाचा कागद दोनदा वाचला. 'अक्षर तुझं ना, वसंता? छान आहे.' एवढंच म्हणाले.

कपाट रिकामं करायचं काम माझ्यावरच आलं. मी पुस्तकं दोन पोत्यांत भरली, हातरिक्षात घातली आणि काकांच्या मेसवर नेली. सामान ठेवण्यापुरतं मालकाने मला आत सोडलं. खोलीत तीन खाटा. काकांची भिंतीकडची. पोती खाटेखाली जाईनात, म्हणून आम्ही पुस्तकं एकेक काढून उशाशी रचायला लागलो. प्रत्येक पुस्तक पहिल्या पन्नास पानांत आपोआप उघडत होतं.

मला राहवलं नाही. 'काका, जाता जाता खरं सांगा. आठवा धडा का नाही?'

'आठव्यात दुकान येतं.'

'म्हणजे?'

'कुठलंही पुस्तक काढ. जर्मनमध्ये टोप्यांचं, फ्रेंचमध्ये हातमोज्यांचं, रशियनमध्ये पावाचं. आठव्या धड्यात माणूस बाजारात जातो तो परत येतच नाही. हे केवढ्याला, ते केवढ्याला. मग बँक. मग वकील. मग रेल्वे स्टेशन. स्टेशनचं मी तेहतीस वर्षं ऐकलंय रे.'

'आणि सातव्यापर्यंत काय असतं?'

'सातव्यापर्यंत विचारतात.' ते पुस्तकांच्या कडा एका रेषेत आणत होते. 'कसे आहात. रात्री झोप लागली का. दमलात का. जेवलात का, काय जेवलात. घरी कोण कोण असतं. सगळ्या भाषांत हेच विचारतात. समोरच्याला विचारावंच लागतं, धडाच तसा असतो.'

'आणि तुम्ही काय उत्तर देता?'

'पुस्तकात आहे तेच. मी बरा आहे. माझी पत्नी घरी आहे. ती स्वयंपाक करते आहे. आज तिने माशांचं सूप केलं आहे.'

'काकूंनी? मासे?'

काका एकदम हसायला लागले. दोन दाढांची जागा मोकळी दिसली. 'पुस्तकात असंच आहे! अकरापैकी नऊ भाषांत ती मासे करते. तिला कळलं असतं तर आंघोळ करून घेतली असती बिचारीने.' हसता हसता त्यांनी चष्मा पुसला. 'त्या श्मिटलाही मी हेच विचारलं. तुमची आई कशी आहे. तो म्हणाला, तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आई बॉम्बमध्ये गेली म्हणाला. मग तिची सगळी हकीकत सांगितली. मला त्यातलं थोडंच समजलं. गच्चीचे शब्द मला येत नव्हते रे. आपटेसाहेबांना सांग, मुद्दाम नाही केलं.'

मी रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागलो.

'मराठीत एकानेच विचारलं,' काका म्हणाले. 'त्या किल्ल्यातल्या हवालदाराने. त्याचीही बदली झाली.'

वाचकहो, आता मी काय केलं असेन? तुम्हाला वाटेल, मी निदान तेव्हा तरी विचारलं. दुपारचा दीड वाजला होता, मेसचं स्वयंपाकघर बंद होतं, समोर साठीचा माणूस उपाशी की जेवलेला, मला ठाऊक नव्हतं. मी खिशातून कागद काढला आणि म्हणालो, 'इथे सही करा, कपाट रिकामं केल्याची.' त्यांनी सही केली. देवनागरीत.

पुढच्या रविवारी मंडळाच्या दारात मोटार थांबली. श्मिटसाहेब उतरले. आपटेसाहेब माडीवरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले, हातात गच्चीचा नकाशा. चहा मागवला, खुर्ची पुसली. साहेबांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. रिकाम्या व्हरांड्याकडे पाहिलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, 'ते म्हातारे गृहस्थ कुठे आहेत? मला त्यांना त्यांच्या पत्नीबद्दल विचारायचं आहे. त्या दिवशी फक्त मीच बोललो.'

आपटेसाहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. 'इतिवृत्तात घ्या' असं मात्र म्हणाले नाहीत.

मी साहेबांना मेसवर घेऊन गेलो. मेसच्या मालकाने नियम दाखवला. हाजऱ्याच्या बागेत बसावं म्हटलं तर दुर्गापूजेचा मांडव घातला जात होता, बाकं उचललेली. शेवटी ते दोघे ट्राममध्ये चढले. बालीगंजपासून एस्प्लनेडपर्यंत आणि तिथून परत. मी मागच्या बाकावर होतो. साहेबांनी काहीतरी विचारलं. काका पुस्तकातलं उत्तर देऊ लागले, 'माझी पत्नी घरी आहे', एवढं मलाही व्हरांड्यातून ऐकून ऐकून आता कळायला लागलं होतं. मग ते मधेच थांबले. खिडकीबाहेर पाहत राहिले. साहेबांनी घाई केली नाही. रासबिहारीच्या वळणापासून काका पुन्हा बोलायला लागले, अडखळत, शब्द नसेल तिथे हातांनी, आणि हातही कमी पडले तिथे मराठीत. काही कळलं असेल का साहेबांना? ते 'या, या' म्हणत होते.

हे दर रविवारी चाललं आहे. एक साठीचा माणूस आणि एक परदेशी पाहुणा, बसायला जागा नाही म्हणून ट्रामच्या तिकिटावर बोलतात. दातवाला आणि त्याची बायको दोन रविवार व्हरांड्यात येऊन परत गेली. ग्रीक बाईंनी चिठ्ठी ठेवली आहे, ती काकांना पोचवायची अजून कुणाला आठवण झालेली नाही. पोर्तुगीजचं पुस्तक चौथ्या धड्यावर उघडं पडलं आहे. आणि काकांचा मोकळा केलेला तो बाक? त्यावर आपण मोडकी मखरं ठेवली आहेत.

आता मागणी. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. तो ठराव मागे घ्यावा आणि कपाट व बाक घैसासकाकांना परत द्यावा, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. सूचक मी, अनुमोदक अजून कुणी नाही. मागच्या वेळी ज्या नऊ जणांनी हात वर केले त्यांनी यावं. डमडमपासून टॉलीगंजपर्यंतच्या सगळ्या सभासदांनी यावं. मला भाषण करायचं नाही, तुम्हीही करू नका.

आणि वर माडीवर जाण्याआधी एक काम करा. काका सभासद आहेत, ते येणार, आणि नेहमीप्रमाणे खाली व्हरांड्यातच उभे असणार. त्यांच्यासमोर थांबा. मराठीत विचारा, 'घैसासकाका, कसे आहात? जेवलात का?' मग तिथेच खाली बसा, आणि त्यांचं उत्तर संपेपर्यंत उठू नका. सभेला उशीर झाला तरी चालेल.